मोराची चौकट

अंगणवाडीच्या भिंतीवर मीच आखलेला वर्षभराच्या विषयांचा तक्ता होता. दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्याच्या चौकटीवर मात्र तिथल्या ताईंनी मोराचं चित्र चिकटवलं होतं. त्याखाली ‘माझं घर, माझी माणसं’ हा माझा विषय झाकला गेला होता.

“मोर कशाला?” मी जरा तुटकच विचारलं.

“दिवाळी झाली की यांचे आईबाप ऊसतोडीला जातात, मॅडम. मागच्या साली घेतला होता तुमचा विषय. घरी कोण कोण असतं म्हणून विचारलं, तर एकीला रडू फुटलं आणि मग सगळीच रडायला लागली.”

विषय ठरवताना कार्यालयात आम्ही मुलांचं वय पाहिलं, सण पाहिले, पावसाळासुद्धा पाहिला. गावातून मजुरांचे ट्रॅक्टर कधी निघतात, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

समोर चार वर्षांची एक मुलगी चित्र काढत होती. कागदाच्या एका टोकाला मोर होता आणि पार दुसऱ्या टोकाला एक बारीक ठिपका.

“हे काय गं?”

“त्याचं पिल्लू.”

“मग इतकं लांब का?”

मान वर न करता ती म्हणाली, “मोर उसाला गेलाय.”