ग्रंथालयातला नेटचोर

काय सांगू तुम्हाला, अजून आठवलं की माझे कान गरम होतात! चहा घ्या आणि ऐका, पण हसायचं ते शेवटी. मधीच हसलात तर मी उठून जाणार, आधीच सांगायले!

मी हुमनाबादच्या एका कॉलेजात नेटवर्क बघते. म्हणजे काय, तर नेट बंद पडलं की बोलणी खायची आणि चालू असलं की मी हाय हे कुणाच्या ध्यानातही यायचं न्हाई. आमच्या गावी निर्ण्याला अप्पा पारावर सांगतात, "आमची सविता कॉलेजचं समदं इंटरनेट सांभाळती." अप्पांना वाटतं, ते टाकीत असतंय आणि मी नळ सोडते.

तर आमच्या प्राचार्य हिरेमठ सरांनी मला बोलावलं. "सविता, नेट कामून इतकं हळू चालायलंय? गुरुवारी पोरांची ऑनलाइन परीक्षा हाय. कोण एवढं वापरायलंय, शोधून काढ!"

आता बघा, प्रत्येक इमारतीत एक स्विच असतो. सगळ्या वायरी त्यात येऊन मिळतात आणि डेटाची बारकी बारकी पाकिटं तिथूनच इकडं तिकडं जातात. त्या स्विचला सांगता येतं की बाबा, हजारातलं एक पाकीट धर आणि त्याची नक्कल मला पाठव. याला सॅम्पलिंग म्हणतात. तेवढ्यावरून कळतं कोण किती वापरायलंय.

हजारातलं एक! मी म्हटलं, ही काय पद्धत झाली? बाकीची नऊशे नव्व्याण्णव काय सोडून द्यायची? चोर नेमका त्यातच बसला असला तर? न्हाई न्हाई, सविता कुणाला सोडणार न्हाई! हजाराच्या जागी मी ठोकला एक. म्हणजे येईल त्या प्रत्येक पाकिटाची नक्कल. सगळ्या इमारतींत! नकला गोळा करायला एक जुना कॉम्प्युटर जिथं इन्व्हर्टर होतं तिथं लावून दिला. बुधवारची संध्याकाळ, कॉलेज रिकामं, सगळं झकास चाललं. मी ऐटीत बसनं घरी!

गुरुवारी परीक्षा सुरू झाली आणि पोरांनी पहिला प्रश्न उघडला न्हाई तोवर सगळ्यांच्या पडद्यावर ते गोल गोल फिरायलं. सरांचा फोन. "सविता! पोरं ओरडायलेत!"

मी माझ्या खोलीत, कोण किती वापरायलंय त्याचा आलेख उघडला. बाकीच्या इमारतींच्या रेघा बेताच्या. आणि ग्रंथालयाच्या भिंतीतल्या नेटच्या एका सॉकेटची रेघ? थेट छताला! पोरं तर सगळी परीक्षेला. ग्रंथालयात एकच माणूस, ते सांभाळणाऱ्या शिवलीला अक्का.

शिवलीला अक्का! रोज डब्यात माझ्यासाठी शेंगाचटणी आणणारी, मला बाळा म्हणणारी बाई!

माझा विश्वास बसेना. खात्री करावी म्हणून इमारतींना जोडणाऱ्या मुख्य वायरींवरही नकला चालू केल्या. रेघ आणखी वर! पुन्हा बघितलं. अजून वर! अगं बाई, ही काय राक्षसीण हाय का काय?

सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. "अक्का? अगं, त्या बाईला मोबाईलवर फोटो मोठा करता येत न्हाई!"

"सर, आलेख खोटं बोलत न्हाई." असं मी म्हटलं! याच तोंडानं!

आम्ही दोघं तरातरा ग्रंथालयात. अक्का कानाला मोबाईल लावून बसलेल्या.

"अक्का, काय करायलाव?" सरांनी विचारलं.

अक्का दचकल्या. "काय न्हाई सर... थोडी भक्तीची वचनं ऐकायले. आज पोरं न्हाईत म्हणून."

सर गंभीर झाले. "अक्का, तुमच्यामुळं परीक्षा बंद पडली."

"अय्यो!" अक्कांचा चेहरा पांढराफट्ट. "एका वचनानं एवढं होतंय व्हय? मला काय ठावं सर!" त्यांनी मोबाईल बंद केला, वर पर्समध्ये घालून पर्सची चेनही लावली. डोळ्यांत पाणी.

मी माझ्या मोबाईलवर आलेख बघितला. रेघ तिथंच!

आता मला जोरच चढला. "सर, हे वरवरचं हाय. आत काहीतरी मोठं चालायलंय!" मी भिंतीपाशी गेले, सॉकेट शोधलं आणि सिनेमात बॉम्बची वायर उपटतात तशी ती वायर खस्सकन उपटली.

आणि समोरच्या इमारतीतून आरोळी आली, "आलंऽऽ! नेट आलं!"

मी सरांकडं बघितलं. सर माझ्याकडं. माझी छाती कशी फुगली म्हणता! "चला सर, वायरीच्या दुसऱ्या टोकाला चोर हाय."

वायर धरून निघालो. कपाटाच्या मागून, मागच्या खोलीत, इन्व्हर्टरच्या शेजारी. तिथं एक जुना कॉम्प्युटर घरघर करायलेला. आणि त्याच्या पडद्यावर माझाच आलेख!



झालं काय होतं, सांगते. सगळ्या कॉलेजच्या प्रत्येक पाकिटाची नक्कल या एका सॉकेटवर येऊन आदळायलेली. मुख्य वायरी मोजायला लागल्यावर तर नकलांच्याही नकला! मी जितकं बघायले, तितकी गर्दी वाढायली. चोर शोधायला जो कॉम्प्युटर बसवला, त्यानंच नेट अडवून धरलेलं. आदल्या संध्याकाळी मीच तो तिथं ठेवला, वायर दिसेल त्या सॉकेटात खुपसून मोकळी झाले आणि कुठलं सॉकेट ते पार विसरले.

"हा कुणाचा?" सरांनी विचारलं.

"माझा," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू आला न्हाई.

"मोठ्यानं बोल की."

"माझा हाय, सर!"

अक्कांनी डोळे पुसले, माझ्याकडं बघितलं आणि अशा हसायल्या की खाली बसल्या. मी पाया पडले तर म्हणतात, "बाजूला हो बाळा, हसू दे आधी!"

परीक्षा तासभर उशिरा का होईना, पार पडली. मी एकाचे पुन्हा हजार केले, तेव्हापासून सगळं नीट चालतंय. पण कॉलेजात कुठंही नेट जरा अडखळलं की मला फोन येतो. काय झालं म्हणून कुणी विचारत न्हाई. सरळ म्हणतात, "मॅडम, बघायलाव का? जरा डोळे मिटा की!"