थेम्स नदीवर मी टाकलेलं मीठ

विश्वास कोणावर ठेवावा हो, वीस वर्षांच्या धंद्यावर की सातवीतल्या पोरीवर? आता काय सांगू तुम्हाला, मी धंद्यावर ठेवला आणि भर शाळेत लंडन बुडवलं!

सौदीत धाहरानजवळ माझं माशांचं कोल्ड स्टोरेज आहे. शेजारी डॉक्टर सामंत. त्यांचा रोहन आणि माझी सना एकाच वर्गात, पण शाळेच्या प्रदर्शनाचं बक्षीस दर वर्षी रोहनलाच. डॉक्टर मिठाई घेऊन येतात. मी हसून खातो आणि ती आठवडाभर छातीत जळत राहते.

यंदाचा विषय होता ब्रिटन, साल १८१४. त्या हिवाळ्यात थेम्स गोठली, लोकांनी बर्फावर जत्रा भरवली, नदीवरून चक्क हत्ती चालवला. रोहन थर्माकोलची नदी करतोय असं कळलं आणि मला हसूच आलं. अहो, बर्फ तर माझ्या घरचा!

मोठ्या ट्रेमध्ये खरी नदी गोठवली. वर तंबू, दुकानदार, मधोमध प्लॅस्टिकचा हत्ती. लोक थर्माकोल सोडून आमच्याकडे वळले. डॉक्टरांचा उतरलेला चेहरा पाहून काय गार वाटलं म्हणता!

तेवढ्यात कडेला पाणी सुटलं. परीक्षक अजून चार टेबलं लांब. मी पिशवीतून खडेमीठ काढलं. मासे कडक गार राहावेत म्हणून आम्ही बर्फात मीठ घालतोच ना? मग नदी का नाही राहणार?

सना हळूच म्हणाली, "अब्बा, मत डालो. बर्फ पिघल जाएगा."

"याच बर्फावर तुझी फी भरतो मी. मला शिकवतेस?"

अख्खा किलो ओतला. परीक्षक येईपर्यंत तंबू कलंडले, दुकानदार तरंगू लागले, हत्ती आडवा झाला आणि थेम्स टेबलावरून थेट माझ्या बुटात. सनाचा तक्ता भिजू नये म्हणून धावले कोण, तर डॉक्टरच. मला तेही सोसेना.

परीक्षकांनी विचारलं तेव्हा सना शांतपणे बोलली. त्या वर्षीही चार दिवसांत बर्फ फुटून जत्रा उधळली होती. मिठाने मासा गार होतो खरा, पण बर्फ वितळतो म्हणूनच. खूश होऊन परीक्षकांनी विचारलं, मिठाची कल्पना कोणाची? मी छाती काढून पुढे झालो.

"अब्बा की," सना म्हणाली. "मैंने मना किया था."

पहिलं बक्षीस तिलाच. मिठाई या वेळी मीच वाटली, पण जळजळ काही जात नाही. डॉक्टर सुटले, आता पोरीवर जळतो. बाजारात मी 'आमचा पहिला नंबर' म्हणत फिरतोय, हे तुमच्या कानावर येईलच. तुम्ही मात्र हिशेब इमानाने ठेवा: बक्षीस सनाच्या खाती, मीठ माझ्या.