नारळाचं पाणी प्यालेली गाडी

दसऱ्याच्या सकाळी चाचणीला काढलेली गाडी स्वतःभोवतीच गरागरा फिरायला लागली, तेव्हा सूर्यभान माळावर मटकन खाली बसला.

"अरे, थांबव तिला!" सुपरवायझर नृसिंहराव ओरडले.

"थांबवतोय साहेब. ती ऐकंल तवा न्हवं."

सूर्यभान नगरच्या छावणीतल्या वर्कशॉपात फिटर होता. त्याच्या ताब्यात ही गाडी. बैलगाडीच्या निम्म्या आकाराचा लोखंडी सांगाडा, चार चाकं, वर फळ्यांचं निशाण. आत माणूस नाही. टेकाडावर उभं राहून हातातल्या पेटीचे दोन दांडे हलवायचे. हुकूम हवेतून गाडीतल्या डब्यात पोचायचा आणि ती दगडधोंड्यांतून पळायची. जवान तिच्यावर नेम शिकायचे. गुराखी तिला भुताची गाडी म्हणत. पण भुताच्या अंगात मुरूम किती शिरतो, ते सूर्यभानलाच ठाऊक. दर फेरीनंतर चाकं उतरवा, बेअरिंगं रॉकेलात धुवा, ग्रीस भरा, वाकलेला दांडा ठोकून सरळ करा. की परत माळ, परत मुरूम. या बहात्तर सालात पाऊसच नव्हता, त्यामुळं धूळ नुसती उकळत होती.

त्याचे आबा श्रीगोंद्याला. डोळे गेलेले. दसऱ्याला ओट्यावर आपट्याची पानं घेऊन बसायचे, ल्योक येईल म्हणून. मागल्या साली लढाईची तयारी, त्याच्या आदल्या साली गोळीबाराचा सराव. दोन्ही वेळा सूर्यभान गेलाच नाही. यंदा नृसिंहरावांनी आज सकाळीच सांगितलं होतं, "उद्या फायरिंग आहे. गाडी नीट चालवून दाखव, आणि जा."

"काल तर सुतासारखी चालत होती," नृसिंहराव म्हणाले. "आज काय झालं?"

"बगतो."

त्यानं पुढची झाकणपट्टी उचलली आणि तसाच थांबला. डब्याच्या कडेनं मुंग्यांची रांग आत चालली होती. शिस्तीत, जवानांसारखी.

"साहेब, हिकडं या जरा."

नृसिंहराव वाकले. "मुंग्या? लोखंडात काय खातात?"

"वास घ्या."

नृसिंहरावांनी वास घेतला. मग सरळ उभे राहिले आणि उगाच आभाळाकडं बघायला लागले.

काल खंडेनवमी. हत्यारांची पूजा. सूर्यभाननं डब्यातले कॉन्टॅक्ट, म्हणजे विजेचे जोड, धुऊन वाळायला झाकण उघडं ठेवलेलं. गाडीला हार, हळदकुंकू. आणि नृसिंहरावांनी फर्मावलं होतं, "नारळ जमिनीवर नको, गाडीच्या पुढच्या लोखंडावरच फोड, यंदा विघ्न नको!" सूर्यभाननं एका दणक्यात फोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाणी कुठं गेलं, ते कुणीच पाहिलं नाही.

"झाकण तू लावलं नव्हतंस."

"आन नारळ तुमी फोडाया लावला."

नृसिंहराव हळूच म्हणाले, "वर विचारलं तर काय सांगू?"

"पानी गेलं, सांगा."

"पाणी? या साली? लोकांना प्यायला नाही, आणि तुझ्या गाडीत पाणी? वेड्यात काढतील मला!"

सूर्यभानला हसू आलं, पण खांदे इतके दुखत होते की ते ओठांपर्यंत पोचलंच नाही. त्यानं डबा मांडीवर घेतला. मुंग्या फुंकून काढल्या, स्पिरिटच्या चिंधीनं एकेक चिकट कॉन्टॅक्ट पुसला, उन्हात धरला, जोडला. गाडी डावीकडं वळेना. परत खोलला. दुपारची एसटी गेली. परत पुसला. नृसिंहरावांनी चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

चारच्या सुमाराला गाडी सरळ गेली, वळली, थांबली.

"पळ आता!" नृसिंहरावांनी त्याच्या खिशात खोबऱ्याची वाटी कोंबली. "प्रसाद. आबांना दे."

श्रीगोंद्याला पोचला तेव्हा दिवे लागले होते. आबा ओट्यावरच होते.

"कोन?"

"मी, आबा."

"सूर्या? वाटलं, औंदाबी न्हाई येत." आबांनी त्याचा हात चाचपला, नाकाशी नेला. "रॉकेल."

"व्हय. ह्ये घ्या, परसाद. ह्याच्यापायीच उशीर झाला."

आबांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात घोळवला. "ग्वाड हाय."

"मुंग्याबी तेच म्हनत हुत्या."

काही न कळून आबा हसले. त्यांनी पानं त्याच्या तळहातावर ठेवली. दिवसभर पक्कड धरून बोटं आखडली होती, मूठ मिटेना. मग आबांनीच एकेक बोट वळवून ती मिटवली.