नळ घासणारी बाई

काकूंचा हात माझ्या शेजारणीच्या कपाळापर्यंत आला. हळद लागली, कुंकू लागलं. मग तो हात मागे गेला आणि कुंकवाचा करंडा माझ्यासमोरच्या टीपॉयवर ठेवला गेला.

"तुमच्यात चालत नाही ना हे," काकू म्हणाल्या. आवाज गोड. "हवं असलं तर तुम्हीच लावून घ्या."

करंडा उचलून त्या माझ्या पलीकडच्या बाईकडे गेल्या. तिच्या कपाळावर बोट टेकलं.

काकूंची सून पन्ह्याचे पेले घेऊन मागे उभी होती. तिला मराठी कळायचं, पण बोलायची हिंदीच. पण बिचारीला यातली मेख समजली नव्हती. ती म्हणाली, "मम्मीजी, इनका रह गया."

"राहू दे. त्यांच्यात नसतं."

कूलर घरघरत होता. बायका पन्हं पिऊ लागल्या. कुणी आंब्याच्या डाळीला हिंग जास्त झाला म्हणाली, कुणी नाही म्हणाली. थोड्या वेळापूर्वी याच बायकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

मला कुंकू हवं होतं असं नाही. आमच्या आजोबांच्या पिढीनं देव सोडले, त्याबरोबर हेही सुटलं. मी टिकली लावते ती हौस म्हणून. काकूंनी विचारलं असतं तर मी कदाचित नको म्हटलं असतं. पण नाही म्हणायचं तर ते मी म्हणायचं होतं. त्यांनी माझ्या वतीनं परस्पर म्हणून टाकलं, तेही माझ्यावर उपकार केल्यासारखं.

मी त्या घरात लेखिका म्हणून गेले होते. हसू येईल, पण खरं आहे.

मी सरकारी ऑफिसात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. मंत्रालय रायपूरहून नव्या राजधानीत हललं तशी आमचीही वरात रोज बसमध्ये बसून तिकडे जाऊ लागली. रुंद रुंद रस्ते, काठ्यांना बांधलेली रोपं, आणि माणूस औषधालाही नाही. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे डबा खाऊन टेबलावर डोकं टेकायचे. मी कादंबरी टाइप करायचे. कीबोर्ड हिंदीचा. त्यात 'ळ' कुठे आहे ते शोधता शोधता माझा जीव गेला होता, आणि माझी सगळी कादंबरी नळावरची.

कादंबरी छापायची तर प्रकाशक लागतो. प्रकाशकाकडे जायचं तर पुण्या-नागपुरात कुणी ओळखीचं लागतं. माझी ओळख कुणाशी? आमच्या कामगारवस्तीतल्या, बीरगावच्या किराणावाल्याशी. नवरा उरला गावच्या कारखान्यात शिफ्टमध्ये राबतो, त्याची ओळख भट्टीशी. ब्लॉग तेवढा फुकट होता. 'नळावरची' असं नाव दिलं आणि सुरुवात केली. लिहिणारीचं नावही तेच. नळावरची.

कादंबरी आईची होती. बाबा भंडाऱ्याकडून रेल्वेत खलाशी, म्हणजे बिगारी, म्हणून आले, तेव्हा क्वार्टर मिळेपर्यंत ते रायपुरातल्या पुरानी बस्तीच्या कडेला खोली घेऊन राहिले. गल्लीत एकच सरकारी नळ. आई नवी नवरी, हिंदी येत नाही, छत्तीसगढी येत नाही. नळावर एक बाई आमच्या भाषेत बोलायची. आईला वाटलं, चला, एक तरी आपलं माणूस आहे. आई घागर भरून बाजूला झाली की ती बाई राखेची चिमूट काढायची, नळाची तोटी घासायची, धुवायची आणि मग आपली घागर लावायची. शिवी नाही, काही नाही. नळ घासता घासता आईशी बोलायचीसुद्धा. आज काय भाजी केली, पाऊस कधी येतो, असलं. आईनं हे मला एकदाच सांगितलं होतं. पुन्हा विचारलं की उठून जायची.

मी ते प्रकरण लिहिलं तेव्हा कुणाचं आडनाव लिहिलं नाही, कुणाची जात लिहिली नाही. मला वाटलं, गरजच काय? नळ कुणाच्या मागे घासतात हे या देशात सांगावं लागतं का?

लागतं.

पहिले कित्येक महिने माझा वाचक म्हणजे मीच. बाजूच्या मशीनवरून ब्लॉग उघडायचा, वाचकांचा आकडा एकानं वाढायचा, आणि आपणच खूश व्हायचं. मग नळाच्या प्रकरणाखाली एक प्रतिक्रिया आली.

"आमच्या आजीही नळ असाच घासून घेत. किती जिवंत उतरवलंय! रायपुरात इतकं सुंदर मराठी कोण लिहितं आहे?" खाली सही, तलावाकाठची.

मला वाटलं, ही बाई आपल्याच आजीला चिमटा काढून राहिली आहे. आपल्या घरातलं पाप उघड सांगते आहे. केवढी धीट! मी ऑफिसात बसून रडले. खरंच रडले.

त्या तलावाकाठच्या म्हणजेच या काकू. बूढापाऱ्यात तलावाला लागून घर, भोसल्यांच्या काळापासून इथे असलेलं घराणं, स्वतः शाळेतून रिटायर. आसपासच्या घरांतल्या बायकांचं त्यांचं वाचनमंडळ होतं. त्यांनी सगळ्यांना ब्लॉग दाखवला. मग रोज कुणी ना कुणी लिहू लागलं. कुणाला माझी नायिका आपल्या वहिनीसारखी वाटायची, कुणाला आत्यासारखी. मी एकेकीला उत्तर द्यायचे. सकाळी बसमध्ये चढताना मला घाई असायची ती ऑफिसात जाऊन प्रतिक्रिया बघायची. साहेब ओरडला तरी फरक पडायचा नाही. मला वाचणारी माणसं होती. असं सुख मी आधी कधी अनुभवलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मग काकूंनी लिहिलं, "चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरी या. माझ्या हातानं तुमची ओटी भरते. आणि पुस्तकाचं बोलू. आमचं मंडळ तुमची कादंबरी छापणार."

पुस्तक. मी तो शब्द किती वेळा वाचला असेल.

आईनं ऐकलं आणि सारवलेल्या चुलीसारखा कोरा चेहरा केला. "काहून जातेस तिथं? आपल्याले कोण बोलावते हळदीकुंकवाले?"

"बोलावलं ना, आई. त्या वाचतात माझं."

"वाचतात तं वाचू दे. वाचनं अलग, घरात घेनं अलग."

मी म्हटलं, आई जुन्या काळातली आहे. राज्य नवीन झालं, राजधानी नवीन झाली, तिला काय ठाऊक. चांगली साडी नेसले आणि ऑटोनं बूढापाऱ्याला गेले.

काकूंनी दारात माझे दोन्ही हात धरले. आत नेलं, मधल्या खुर्चीवर बसवलं. "हीच बरं का आपली नळावरची!" टाळ्या. मी लाजले. मग कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "अहो, पण आडनाव काय तुमचं? ब्लॉगवर दिसतच नाही."

मी सांगितलं.

ते आडनाव इथे लिहीत नाही. ऐकून तुम्हीही मला कुठल्या खुर्चीवर बसवायचं ते ठरवाल. अगदीच बघायचं असेल तर आता ब्लॉगवर आहे.

"अच्छा," ती बाई म्हणाली. "म्हणजे मूळचे कुठले?"

"भंडाऱ्याकडचे."

"आणि इथे कुठे राहता?"

"बीरगाव."

"बरं बरं." ती काकूंकडे बघू लागली. काकू करंड्याकडे बघू लागल्या. कुणी वाईट काही बोललं नाही. एवढंच की त्यानंतर माझ्या कादंबरीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. मग कुंकू निघालं, आणि ते कसं निघालं ते मी आधीच सांगितलं.

ओटीचंही तसंच. भिजवलेले हरभरे काकू एकेकीच्या पदरात ओंजळीनं घालत होत्या. मी पदर पुढे केला नाही. केला असता तरी काय झालं असतं कोण जाणे. सुनेनं आतून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेले हरभरे आणले आणि माझ्या हातात दिले. पन्नीला गाठ मारलेली होती. आत कुणीतरी सांगितल्याशिवाय सूनबाई गाठ मारून आणणार नाही.

मी उठले. काकू मागोमाग व्हरांड्यात आल्या.

"मनाला लावून घेऊ नका हं," त्या म्हणाल्या. "मी स्वतः असलं काही मानत नाही. पण सगळ्या जणी होत्या ना."

मी चप्पल घालत होते.

"आणि पुस्तक आपण काढणारच. मी शब्द दिलाय. फक्त ते नळाचं प्रकरण जरा सौम्य करा. आता वाचणाऱ्याला त्यातून भलतंच काही वाटेल. आणि नाव 'नळावरची' हेच राहू द्या. आडनाव कशाला? साहित्याला कुठे जात असते?"

मला ते पुस्तक हवं होतं. त्या क्षणीसुद्धा हवं होतं. एवढ्या अपमानावरही माझ्या डोळ्यांपुढे कव्हर येत होतं, आईच्या मांडीवर ठेवलेलं. मान डोलावली असती तर काम झालं असतं. अशा माना आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या डोलल्या आहेत.

मी विचारलं, "काकू, तुमच्या आजी नळ घासून घ्यायच्या. कुणाच्या नंतर?"

"म्हणजे?"

"त्यांच्या आधी नळावर कोण पाणी भरून गेलेलं असायचं?"

काकू फाटकाकडे बघायला लागल्या. "अहो, ते सोवळं होतं. त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी आजीला चिमटा काढलाच नव्हता. त्यांनी कौतुक केलं होतं. माझं सगळं प्रकरण वाचून त्यांना आठवली ती आपली कडक सोवळ्याची, राखेनं नळ लखलखीत करणारी आजी. आडनाव नव्हतं म्हणून त्यांनी स्वतःचं घालून घेतलं. रायपुरात चांगलं मराठी लिहिणारी दुसरी कोण असणार! माझ्या आईच्या नळावर त्या सगळ्या जणी रांगेतल्या मागच्या बाईच्या जागी उभ्या राहून वाचत होत्या आणि वाहवा करत होत्या. आणि मी त्यांना धन्यवाद लिहीत होते.

"तुमच्या आजीच्या पुढे जी उभी असायची ना," मी म्हणाले, "मी तिच्याबद्दल लिहिलंय. तुमच्या आजीबद्दल नाही. पुस्तक नको मला."

पन्नी पायरीवर ठेवली आणि फाटकाबाहेर पडले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ऑटोवाल्यानं उलट बीरगाव ऐकून जास्त भाडं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ब्लॉगवर माझं नाव टाकलं. माझं, बाबांचं, आडनाव, बीरगाव. नळाच्या प्रकरणाच्या डोक्यावर एक ओळ लिहिली, की यात नळ घासला जातो तो आमच्या मागे.

दोन-चार प्रतिक्रिया आल्या. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." "वाङ्मयात हे विष नको." एकीनं लिहिलं, "आम्ही तुम्हाला आपलं मानलं होतं." तीच जी वहिनीची आठवण काढायची. मग त्याही थांबल्या. एक दिवस बघते तर काकूंच्या जुन्या सगळ्या प्रतिक्रियांच्या जागी एकच वाक्य दिसत होतं, ही प्रतिक्रिया लेखकानं काढून टाकली आहे. खाली माझी उत्तरं तशीच लोंबकळत होती. धन्यवाद काकू. धन्यवाद काकू.

मला वाटलं होतं, ते गेले तर आपले येतील. कुणी आलं नाही. बीरगावात ब्लॉग कोण वाचतो, तोही मराठीत? आमच्या घरची पोट्टी मराठी ऐकून हिंदीत उत्तर देतात. नवरा शिफ्टवरून येऊन म्हणाला, "लिखने से क्या होता है? झोप तू." त्यात राग नव्हता. त्याला खरंच वाटतं की काही होत नाही, आणि तो खोटं बोलतोय असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

आईला मी सगळं सांगितलं तर ती माझ्यावरच चिडली. "माह्या अपमानाचा बाजार काहून मांडून राहिली तू? मी सहन केलं, संपलं. तुले कोनं सांगतलं गावभर करायले?"

"गावभर कुठे, आई. कुणीच वाचून नाही राहिलं."

"मंग लिहितेस कायले?"

आजही वाचकांचा आकडा हलत नाही. बाजूच्या मशीनवरून उघडून तो हलवायचं मी सोडलं आहे. पुस्तक निघणार नाही, हे मला कळतं. मी म्हातारी होईन, नव्या राजधानीतली रोपं झाडं होतील, आणि कादंबरी कुणी न उघडलेल्या पानावर तशीच पडून राहील. बहुतेक असंच होईल.

पण त्या दिवशी मी आईला एक गोष्ट विचारली, जी आधी कधी विचारली नव्हती. "त्या नळ घासणाऱ्या बाईचं आडनाव काय होतं?"

मला वाटलं ती उठून जाईल. गेली नाही. तिनं आडनाव सांगितलं. लगेच, पापणी न लववता, जसं आपल्या माहेरचं सांगावं. नवऱ्याचं नाव सांगितलं, तो कुठल्या ऑफिसात होता ते सांगितलं, दाराचा रंग सांगितला. संपलं म्हणणाऱ्या माझ्या आईला सगळं तोंडपाठ होतं. ते काकूंचं आडनाव नव्हतं. पण त्यांच्या ओळखीचं असेल.

कादंबरीभर मी तिला नुसतं 'मागची बाई' म्हणत आले. आमची आडनावं हे लोक खोदून खोदून विचारतात, आणि त्यांची माणसं मात्र आमच्या लिहिण्यात बिननावाची, बिनचेहऱ्याची, नुसतं सोवळं म्हणून सुटून जातात. मीच सोडत होते.

आता मी पहिल्या पानापासून बसले आहे. जिथे जिथे मागची बाई आहे, तिथे तिथे तिचं आडनाव घालते आहे.