चांदोदला न गेलेले कपडे

सरकारी योजनेचं नाव जितकं लांबलचक, तितकी तिला मिळणारी खोली लहान, हे बडोद्यात काही नवीन नाही. शहरांनी बदलत्या हवामानाला तोंड द्यावं आणि कचऱ्यात जाणारी वस्तू पुन्हा वापरात आणावी, म्हणून केंद्राचा निधी आला. मांजलपुरात त्यातून उगवली ती एक खोली. हिरव्या भिंती, लोखंडी रॅक आणि दारावर गुजराती पाटी: नको असेल ते ठेवून जा, हवं असेल ते घेऊन जा. भाषणांत तिला 'चक्रीय व्यवस्थापन केंद्र' म्हणत. सोसायट्यांमधली माणसं 'निरुपमाबेननी रूम' म्हणत.

ती खोली सांभाळणारी निरुपमा गुप्ते शाळेतून निवृत्त झाली होती, पण तिचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता. ओल्या कचऱ्याच्या बादलीत दुधाची पिशवी दिसली की ती खालूनच हाक मारी, "मीताबेन, आ शूं छे?" आणि तिसऱ्या मजल्यावर मीताबेनच्या हातातला चहा हिंदकळे. लोक चिडत, कुजबुजत आणि मुकाट्यानं पिशवी वेगळी काढत. या बाईला कचऱ्याचं एवढं काय पडलंय, असं मात्र कुणी तोंडावर विचारत नसे. सगळ्यांना ते ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा तिचा मुलगा उत्कर्ष मित्राच्या आजारी आईला वरच्या मजल्यावर हलवायला म्हणून गेला. पावसाचे नाले प्लास्टिकनं तुंबलेले, त्यामुळे नदी पोचायच्या आधीच गल्लीत पाणी चढलं. दुसऱ्या दिवशी स्कूटर सापडली. उत्कर्ष सापडला नाही. पुराबरोबर नदीतून गल्ल्यांत काय काय शिरतं, ते बडोद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गुप्त्यांच्या घरात मात्र तेव्हापासून मगर हा शब्द कुणी उच्चारलेला नाही.

देह नाही, म्हणून दिवसही झाले नाहीत. दर्भाचा पुतळा करून चांदोदला नर्मदेकाठी विधी करता येतो, असं गुरुजींनी सांगितलं होतं. निरुपमाला तो करायचा होता. पोरगा धड इथे नाही, धड तिथे नाही, कुठेतरी मध्येच ताटकळत उभा आहे, या विचारानं तिला घास गिळवत नसे. पण तिचा नवरा दत्तात्रेय ऐकायला तयार नव्हता. आयुष्यभर रिफायनरीत नोकरी केलेला तो अतिशय सभ्य आणि तितकाच हट्टी माणूस. एवढंच म्हणे, "येईल तो. आल्यावर काय सांगू त्याला, तुझं तेरावं उरकलं म्हणून?" दर रविवारी तो उत्कर्षचे शर्ट कपाटातून काढी, इस्त्री करी आणि परत ठेवून देई. इस्त्रीचा वास आला की निरुपमा गच्चीत निघून जाई.

थंडीच्या सुरुवातीला दिल्लीहून पाहणी पथक येणार, असा निरोप आला. केंद्र कसं चालतं ते बघून निधीचा पुढचा हप्ता सुटणार होता. रॅक मात्र निम्मे रिकामे. लोक मोडकी खेळणी देत, बिनझाकणाचे डबे देत, पण चांगले कपडे बोहारणीसाठी राखून ठेवत. स्टीलच्या पातेल्यापुढे हवामानबदलाची मात्रा कुठून चालणार? प्रकल्पावरची रसिका, उत्कर्षच्याच वयाची मुलगी, रडवेली झाली. "काकू, चांगले चार कपडे तरी दिसायला हवेत हो."

दत्तात्रेय बँकेत गेला होता. निरुपमा घरी गेली, तिनं कपाट उघडलं आणि सगळंच्या सगळं दोन चादरींत बांधलं. रसिकासाठी केलं, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. त्या कपाटाचा तिनं धसका घेतला होता आणि तिला ते रिकामं झालेलं हवं होतं.

पथक आलं, खूश झालं, फोटो काढून गेलं. संध्याकाळपर्यंत वसतिगृहातल्या पोरांनी कपडे भराभर उचलून नेले, आणि रिकामा रॅक बघताना तिला सासूबाई आठवल्या. गेलेल्याचे कपडे गावात द्यायचे नाहीत, हा गुप्त्यांचा रिवाज. ते डभोईच्या पलीकडे, चांदोदलाच नेऊन द्यायचे, म्हणजे ते अंगावर घालून कुणी आपल्यासमोर येत नाही. सासरे गेले तेव्हा त्यांचा जुना कोटसुद्धा बसनं तिकडे नेला होता. इतकी वर्षं निरुपमाला तो निव्वळ खुळेपणा वाटत आला होता.

दुसऱ्याच दिवशी सयाजीगंजात रिक्षाची वाट बघताना तिच्यासमोरून निळ्या चौकड्यांचा शर्ट गेला. खांद्यावर तिच्याच हातचं रफू. "उत्कर्ष!" हाक तोंडातून निघूनही गेली. मुलगा वळला नाही, गर्दीत मिसळला. मग भाजीच्या हातगाडीपाशी पिस्ता रंगाचा कुर्ता. पाठीमागून उत्कर्ष, पुढून कुणी भलताच. तिला माणसांच्या पाठींची भीती वाटू लागली. वळणारा तोच निघाला तर, ही एक भीती, आणि नाही निघाला तर, ही दुसरी. कामाशिवाय ती घराबाहेर पडेनाशी झाली.

घरात रविवार यायचा होताच. दत्तात्रेय इस्त्री घेऊन खोलीत गेला. निरुपमा ओट्याला धरून उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं मनात दहादा घोकलं होतं. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच नाही. तो बाहेर आला तेव्हा रागावलेला दिसला नाही. इस्त्री जागेवर ठेवत म्हणाला, "आज श्रीखंड आणू का?"

त्या दिवसापासून माणूस पालटलाच. रोज दाढी, दोन वेळा पोटभर जेवण, संध्याकाळी बस पकडून सयाजीगंजापर्यंत फेरी. कपाटाबद्दल चकार शब्द नाही. समजलं याला, मनानं सोडलं शेवटी, असं निरुपमाला वाटलं. आता चांदोदचा विषय काढायला हरकत नाही, असं ती ठरवत होती. तेवढ्यात एका संध्याकाळी तो चपला न काढताच आत आला.

"निरू, दिसला."

"कोण?"

"कोण काय? उत्कर्ष. सयाजीगंजात, स्टेशनच्या बाजूला. निळा चौकड्यांचा शर्ट होता. हाक मारली, थांबला नाही. असू दे, संकोच वाटत असेल."

"अहो, काहीतरीच काय बोलताय!"

"काहीतरीच नाही गं. मला आधीच कळलं होतं. तू घाबरशील म्हणून बोललो नाही." तो तिच्याजवळ सरकून बसला. "घरी येऊन गेला तो. आपण दोघं बाहेर असताना. किल्ली आहे ना त्याच्याकडे. कपाट उघडून बघ, रिकामं आहे. फक्त त्याचे कपडे गेलेत, बाकी कशाला हात नाही. चोर असं करतो का?"

 खरं सांगायचं तर क्षणभर निरुपमालाही ते पटलं. चादरी आपण बांधल्याच नाहीत, तोच भरदुपारी आला, कपाटापाशी उभा राहिला आणि गेला, असं तिला डोळ्यांसमोर दिसलं.

"उद्या एक स्वेटर आणतो," दत्तात्रेय म्हणाला. "थंडी वाढलीय. पुन्हा येईल तेव्हा पटकन दिसेल असा ठेवू."

मग मात्र तिला राहवेना. गप्प राहिली असती तर हा माणूस उरलेला जन्म लोकांच्या पाठीमागे धावण्यात घालवणार होता. तिनं सगळं सांगितलं. रिकामे रॅक, दिल्लीचं पथक, दोन चादरी. तो निळा शर्टवाला वसतिगृहातला कुणी पोरगा असेल, हेही सांगितलं. सोसायटी हलवणारा तो आवाज आता तिला स्वतःलाही जेमतेम ऐकू येत होता.

दत्तात्रेय ऐकत राहिला. चिडला असता तर बरं झालं असतं. तो बघता बघता म्हातारा दिसू लागला.

"सगळे दिलेस?"

"सगळे."

"पुरानं नेला तेव्हा मी मानलं नाही," तो म्हणाला. "इतके दिवस धरून ठेवला होता गं मी त्याला. आज तू नेलास."

निरुपमा हुंदका देऊन रडली. तो उठून आत गेला, तोंड धुऊन आला आणि तिच्यासमोर बसला.

"चांदोदला कधी जायचं?" त्यानं विचारलं. "गुरुजींना कळवायला हवं. तू सांग तो दिवस."

याच वाक्याची ती दोन वर्षं वाट बघत होती. कोणती तिथी चालते, बस किती वाजता सुटते, सगळं तिला तोंडपाठ होतं. पण दिवस सांगितला की उत्कर्ष गेला, आणि ते आता तिच्या तोंडून व्हायचं होतं. तिनं पदरानं डोळे पुसले. 

"अहो," ती म्हणाली, "त्याआधी एकदा सयाजीगंजात जाऊन बघून येऊ या का?"