सोन्याचे कण आणि माझ्या गालातली गाठ

“कार्सिनोमा है, अंकल,” बायोप्सीचा रिपोर्ट पाहून डॉक्टर मॅडम म्हणाल्या. बायोप्सी म्हणजे तुकडा काढून केलेली तपासणी. कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. गालाच्या आतला तो न भरणारा फोड मी मिरचीच्या माथी मारून मोकळा झालो होतो.

घरी येताना ऑटोतच मुलीनं मोबाईलवर शोधून काढलं. “पप्पा, लेज़र से सोने के नैनोपार्टिकल बनाते हैं, कैंसर के लिए!” ती लखनऊतच वाढली, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. तिला वाटलं, मी खूश होईन.

मला घाम फुटला. इथल्या सरोजिनी नगरच्या पुढच्या कारखान्यात मी जन्मभर लेझर कटिंगच्या मशीनवर काम केलंय. जाड पोलादी पत्रा तो किरण कसा कापतो, ते रोज पाहिलंय. त्यापुढे माझा गाल काय चीज! आणि धातूची धूळ नाकात जाईल, मास्क लावा, असं सगळ्यांवर ओरडणाराही मीच; आता तीच धूळ माझ्या गालात?

पुढच्या भेटीत नंबर येईपर्यंत मी बाकावर गाल धरून बसलो. आत जाताच म्हटलं, “मॅडम, लेज़र मत लगाइए.”

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. “लेज़र आप पर नहीं, पानी में रखे सोने पर चलता है.” त्यातून डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात, तेच नॅनोपार्टिकल. ते गाठीत पोचवून प्रकाशानं तापवले तर गाठ मरेल, अशी आशा आहे. “पर अभी रिसर्च है. आपको नहीं दे सकते. आपकी सर्जरी होगी.”

गंमत बघा. ज्याच्या भीतीनं जेवण गेलं होतं, ते मिळणार नाही म्हटल्यावर तेच हवंसं वाटलं. म्हणजे सुरीच?

मग त्यांनी विचारलं, काढलेल्या गाठीतला थोडा भाग लॅबला द्याल का? तिथे पेशी काचेच्या बशीत जिवंत ठेवून त्यांच्यावर हे कण वापरून बघतात. जिवंत! ही बला बाहेर काढायची आणि वर पोसायची?

“दे दो ना, पप्पा,” मुलगी म्हणाली. मी हो म्हटलं.

ऑपरेशन झालं. तोंड वाकडं झालंय, पेज पितो. पुढच्या तपासणीच्या नुसत्या विचारानं अजून छाती धडधडते. तुमच्यावर ही वेळ आली तर खुशाल घाबरा, पण फोड मिरचीवर ढकलू नका. आणि विचारायला लाजू नका.

गाठीचा तुकडा तिकडे बशीत आहे, सोन्याच्या कणांसमोर. इतके दिवस मी तिला भीत होतो. आता तिची पाळी.