धोंड्याचं वाण आणि माझी चढाई

यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात मी सासुरवाडीवर एका खेळण्यासाठी रुसलो. माझं वय बेचाळीस आहे. डोक्यावर केस बेताचे आहेत, पोट बेताचं नाही, आणि वाशीमजवळच्या मालेगावात माझं स्वतःचं कृषी केंद्र आहे, जिथे चांगली शहाणी माणसं सोयाबीनवर काय फवारायचं ते मला विचारून जातात.

झालं असं, की कबड्डीचा एक गेम येणार अशी बातमी मी मोबाइलवर वाचली. त्यात म्हणे आपण स्वतः खेळाडू होऊ शकतो. आपला चेहरा, आपलं नाव, आपल्या गावाचा संघ! झालं, त्या दिवसापासून मी जमिनीवर नव्हतो. उन्हाळ्यात दुपारी दुकानात चिटपाखरू नसतं. कूलर घुरघुरत असतो, खताच्या थप्पीला पाठ टेकली की डोळे आपोआप मिटतात, आणि मी थेट मैदानात. पांढरा उजेड, पायाखाली मऊ माती, चहूकडून माझ्या नावाचा गजर. मी मधली रेषा अलगद ओलांडतो, एकाला बोटानं शिवतो, दुसऱ्याच्या खांद्यावरून तरंगत परत येतो. (तरंगतच. स्वप्नात मला पोट नसतं.) एकदा, फक्त एकदा, मैदानात आपल्या नावाचा पुकारा व्हावा, असं मला फार म्हणजे फार वाटायचं. कितीदा तरी गिऱ्हाइकानं मला हलवून जागं केलं आणि मी दम न सोडता त्याला तुरीच्या बियाण्याची माहिती सांगितली.

दुकानातला कॉम्प्युटर मी गेमसाठी सज्जही करून ठेवला. बायकोला, म्हणजे मनीषाला, सांगितलं की बिलं लवकर निघावीत म्हणून त्यात नवं कार्ड टाकलंय.

"बिलं तं आधीबी निंगतच होती," ती म्हणाली.

"आता सुंदर निघतील," मी म्हणालो.

गेम आला त्या दिवशी मी अंघोळ करून, उदबत्ती लावून कॉम्प्युटरसमोर बसलो. पडद्यावर वाचलं: फक्त कन्सोलवर! कॉम्प्युटरवर नाही, मोबाइलवर नाही. अरे, कबड्डी! ज्या खेळाला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही, चप्पलसुद्धा बाहेर काढून ठेवतात, तो खेळायला आता टीव्हीला जोडायची वेगळी पेटी लागणार! मी असा काही ओरडलो, की शेजारचा मोटारसायकल दुरुस्तीवाला पाना घेऊन धावत आला. (त्याला वाटलं दुकानात साप निघाला. निघाला असता तर मी इतका ओरडलो नसतो.)

मी पार खचलो. तेवढ्यात अनसिंगहून सासऱ्यांचा फोन आला. त्यांना मी मामाजी म्हणतो. अधिक महिना लागला होता, म्हणजे जावयांचे लाड व्हावेत म्हणूनच पंचांगात घातलेला महिना. सासरी जायचं, पाटावर बसायचं, पुरणाचे धोंडे खायचे, ओवाळून घ्यायचं आणि वाण घेऊन परत यायचं.

"जवाईबापू, यंदा अंगठी करतो म्हनलं. बोटाचं माप पाठवा."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अंगठी काय चाटायची आहे? कन्सोल!

पण जावयानं तोंडानं मागायचं नसतं. जावयानं रुसायचं असतं, मग सासरच्यांनी 'काय झालं, काय पाहिजे' करत मागे लागायचं असतं. मी रीतसर रुसलो. "पाहू, जमलं तं येतो," असं तुटक आवाजात म्हणून फोन ठेवला आणि मनधरणीची वाट पाहत बसलो.

संध्याकाळी मनीषाला तिकडून फोन. "जवाईबापूचा घसा बसला का वं? आवाज बारीक येऊन राह्यला होता." दुसऱ्या दिवशी माझा मेहुणा गजू मोटारसायकलवर अडुळशाचा काढा घेऊन हजर! मी आणखी रुसलो. जेवताना अर्धी पोळी पानात टाकली. गजूनं लगेच फोन लावला, "मा, भाऊजीले अन्न जाऊन नाही राह्यलं." तिकडे सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, माझ्या लग्नातल्या फोटोवरून! इकडे काढा सुरूच. इतका कडू काढा पिऊन रुसलेला चेहरा करायला वेगळे कष्ट पडत नाहीत, एवढाच काय तो फायदा.

शेवटी मनीषानं मला दुकानात गाठलं.

"काहून बाप्पा असं तोंड पाडून बसले तुमी?"

"काही नाही."

"मले सांगता, का मायले बोलावू?"

मी सगळं सांगितलं. चेहरा बनवता येतो, तेही सांगितलं. तिनं माझ्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं (तो कशाला कुणी बनवेल, असा भाव होता) आणि फोन लावला.

"मा, यायले काई बिमारी नाही. यायले खेळनं पायजे."

पलीकडे फोन हातोहात फिरला. मग मामाजींचा गंभीर आवाज: "मंग आधीच सांगाचं नं! इतका काढा कायले पेले?"

धोंड्याच्या दिवशी आम्ही अनसिंगला पोचलो, तर दारात ही गर्दी! खेळण्यासाठी रुसलेला जावई कसा दिसतो, ते पाहायला गल्ली लोटली होती. गजूनं वाशीमहून आणलेला कन्सोल चौरंगावर, अनारशांच्या ताटाशेजारी, झेंडूचा हार घालून बसवला होता. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. इथपर्यंत ठीक होतं. मग मामाजींनी नारळ उचलला. आमच्याकडे घरात नवं यंत्र आलं, मग तो ट्रॅक्टर असो की पिठाची चक्की, त्याच्यापुढे नारळ वाढवून पाणी त्याच्यावर शिंपडल्याशिवाय ते सुरू करत नाहीत.

"मामाजी, थांबा! त्यात पानी गेलं तं खतम!"

"ट्रॅक्टरले काई झालं नाही, याले काय होते?"

नारळ खाली आला. मी सरळ चौरंगावर झेप घेतली आणि कन्सोलला कवटाळलं. सगळं पाणी माझ्या नव्या शर्टावर! आयुष्यातली माझी ती पहिली खरी पकड. गल्लीनं टाळ्या वाजवल्या आणि मला उगाच भरून आलं.

"आता लावू का?" मी हळूच विचारलं.

"आधी जेवन," सासूबाई म्हणाल्या. "जवाई उपाशी अन् खेळ कायचा?"

पाटावर बसलो. धोंडे आले, त्यावर तुपाची धार आली. 'बस' म्हटलं की सासूबाईंचा चेहरा पडायचा, तो पडू नये म्हणून आणखी एक घ्यायचो. उठलो तेव्हा घर किंचित हलत होतं. गजू म्हणाला, "भाऊजी, तुमी जरासेक टेका, मी तवर टीव्हीले जोडतो." मी टेकलो.

तसं स्वप्न मला आजवर पडलेलं नाही. माती पुरणासारखी मऊ होती, उजेड तुपासारखा ओघळत होता, मी अगदी सावकाश तरंगत होतो आणि लोक ओरडत होते, ओरडत होते. मग मला जाग आली. उजेड गेला, माती गेली, पण ओरडणं थांबेना!

मी धडपडत बाहेरच्या खोलीत गेलो. टीव्हीसमोर अख्खी गल्ली. रिमोट मामाजींच्या हातात, आणि पडद्यावर धोतर सोडून चड्डीतले मामाजी चढाई करत होते! गजूनं मोबाइलनं सगळ्यांचे फोटो काढून संघ भरला होता. कोपऱ्यात सासूबाई पकडीला उभ्या, बोनस रेषेवर मनीषा. पाणी प्यायला म्हणून आलेले शेजारचे काकासुद्धा संघात होते!

"अन् मी?" माझा आवाज या वेळी खरंच बसला होता.

"तुमी हाये नं!" मामाजी पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "थे पाहा, बाजूले. बदली खेळाडू. मानाचा मानूस, त्याले धुळीत कायले उतरवाचं?"

बाकावर मी बसलो होतो. केस बेताचे, चेहरा हुबेहूब, नजर कुठेतरी लांब. तेवढ्यात पडद्यावरच्या मामाजींचा पाय मुरगळला (खोलीतले मामाजीही गुडघा चोळायला लागले) आणि स्पीकरमधून पुकारा झाला, बदली खेळाडू मैदानात! मी बाह्या सरसावल्या. पडद्यावरचा मी उठला. गजूनं रिमोट माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला.

"त्यायले नको देऊ रे," सासूबाई ओरडल्या, "भरल्या पोटी पळू नोये! आत्ताच तं जेवले थे!"

सगळ्यांनी माना डोलावल्या, रिमोट काकांकडे गेला. मी भांडणार होतो. पण तो पडद्यावरचा मी नुसता बाकावरून उठला होता, आणि इकडे मला धाप लागली होती.